डायची पुडी कोण तपासतं?

एप्रिल तोंडावर आला की वस्तीतल्या किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांशेजारी केसांच्या डायच्या माळा लटकू लागतात. आधी जयंती, मग लग्नसराई. घरोघरी मोरीत बसून वाटीत डाय कालवला जातो आणि जुन्या टूथब्रशने लावला जातो. पुडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही. आरोग्य शिबिरात आम्ही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ताई, कंपनीने पाहूनच दिलं असेल ना!

कंपनीत हे पाहणारी माणसं खरोखर आहेत. त्यांच्या संघटनाही आहेत. त्यातली एक मोठी आणि जुनी म्हणजे अमेरिकेची 'सोसायटी ऑफ कॉस्मेटिक केमिस्ट्स', म्हणजे सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या रसायनतज्ज्ञांची संस्था. ही माणसं वर्षभर काय करतात आणि त्यातलं आपल्या मोरीपर्यंत किती पोचतं, हे आम्हाला सांगायचं आहे. पण त्याआधी संस्था निघण्यापूर्वीची एक गोष्ट.

१९३३च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्या आणि भुवया काळ्या करायचा डाय विकला जात होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमाइन होतं. नाव जड आहे, पीपीडी एवढं लक्षात ठेवा. हा डाय लावलेल्या काही बायकांचे डोळे सुजले, जखमा झाल्या, एकीची दृष्टी कायमची गेली. सरकारला माल बाजारातून उचलता येईना, कारण तिथल्या १९०६च्या कायद्यात अन्न आणि औषधं होती, सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. १९३८ साली नवा कायदा झाला आणि लॅश ल्युअरवर जप्ती आली. पण त्याच कायद्यात डोक्याच्या केसांच्या डायला सूट मिळाली. अट एकच: वेष्टनावर इशारा छापायचा, आधी त्वचेवर चाचणी करा आणि पापण्या-भुवयांना लावू नका. थोडक्यात, पीपीडी बाजारात राहिलं आणि सांभाळायची जबाबदारी लावणाऱ्यावर आली.

यानंतर सात वर्षांनी, १९४५ साली, ही सोसायटी स्थापन झाली. तिचं वर्ष कसं जातं पाहा. देशभर तिच्या विभागवार शाखा आहेत. शाखांच्या संध्याकाळच्या बैठका होतात, त्यात जेवण आणि तज्ज्ञाचं व्याख्यान. (तिथे बहुधा आधी जेवण आणि मग व्याख्यान असतं. आपल्याकडे असं केलं तर व्याख्यानाला कोण थांबेल, सांगता येत नाही.) न्यूयॉर्कच्या शाखेचं मोठं प्रदर्शन असतं. कच्चा माल विकणाऱ्या कंपन्या तिथे आपापले स्टॉल लावतात, आणि उद्याच्या क्रीममध्ये काय पडणार याचे सौदे तिथे जुळतात. तरुण केमिस्टांसाठी अभ्यासवर्ग असतात. वार्षिक वैज्ञानिक अधिवेशन कित्येक वर्षं डिसेंबरात न्यूयॉर्कला भरत आलं. त्यात शोधनिबंध वाचले जातात, पदकं दिली जातात. संस्थेचं शास्त्रीय नियतकालिक १९४७पासून निघतं. केसांत रंग कसा मुरतो, कोणत्या द्रव्याने कातडी चिडते, क्रीम नासू नये म्हणून त्यात काय घालतात, असे विषय त्यात वर्षानुवर्षं येत आले आहेत.

संस्थेचं पदक मिळालेली पहिली महिला फ्लॉरेन्स वॉल. साल १९५६. केसांचे डाय हाच त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यास होता. पार्लरचं काम शिकवताना त्यामागचं शास्त्रही शिकवलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या वस्तीतल्या कितीतरी मुली पार्लरचा कोर्स करतात. त्यांना पीपीडी हा शब्द कोर्समध्ये ऐकायला मिळतो का, हे एकदा त्यांनाच विचारा.

या संस्थेला आम्ही नावं ठेवत नाही. वर्षातून एकदा जमून आपलं ज्ञान तपासून घ्यावं, हे आम्हा नर्सेसनाही लागू आहे. पण त्या सभागृहात बसणारे बहुतेक जण प्रसाधनं बनवणाऱ्या नाहीतर त्यांना माल पुरवणाऱ्या कंपन्यांचे नोकरदार. डायने जिचा चेहरा सुजला ती बाई तिथे नसते. गंभीर त्रास झाल्याचं कळलं तर सरकारला कळवायचं, ही सक्ती अमेरिकेत कंपन्यांवर २०२२च्या कायद्याने आली. आता कामाच्या १५ दिवसांत कळवावं लागतं. १९३८पासून मोजा, ८४ वर्षं लागली.

आपल्याकडेही 'इंडियन सोसायटी ऑफ कॉस्मेटिक केमिस्ट्स' आहे. अशा देशोदेशींच्या संस्थांचा १९५९ साली स्थापन झालेला एक जागतिक महासंघ आहे, त्याची ती सभासद आहे. तिथे व्याख्यानं होतात, परिषदा होतात. पण त्या सगळ्या विद्येतून आपल्या हातात येते ती पुडीवरची चार ओळींची सूचना. पीपीडी असलेल्या डायवर ती इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापली पाहिजे, असा आपल्या देशाचा नियम आहे. म्हणून पुडी घेताना अक्षरं पाहा. सूचना नसेल, किंवा डाय सुट्टा मोजून देत असतील, तर घेऊ नका.

चाचणी अशी करायची. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची जागा साबणाने धुऊन कोरडी करा. डाय लावण्यासाठी कालवतात तसाच थोडा कालवून तिथे लावा आणि वाळू द्या. २४ तासांनी हलक्या हाताने धुवा. आम्ही तर म्हणतो, धुतल्यावर आणखी एक दिवस थांबा, कारण ही ॲलर्जी उशिरा उठते. खाज, लाली, पुरळ काही दिसलं तर तो डाय तुमच्यासाठी नाही. गेल्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेलच असं नाही, चाचणी दर वेळी करायची. ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते.

हळदीच्या आदल्या रात्री मुलींच्या हातावर काढतात ती 'काळी मेहंदी' हेही बहुतेक वेळा पीपीडीच असतं. मेहंदीचा पाला तांबडा-केशरी रंगतो, अर्ध्या तासात काळा कधीच होत नाही. मुलीच्या हातावर अशी मेहंदी एकदा उठली, तर पुढे केसांचा डाय तिला सोसेलच असं नाही.

डाय लावल्यावर कपाळ किंवा पापण्या सुजू लागल्या तर भरपूर पाण्याने डोकं धुवा आणि दवाखाना गाठा. मेडिकलमधून विचारून आणलेली ट्यूब चोळू नका. गोरं व्हायच्या क्रीममध्येही असंच काय काय मिसळलेलं असतं, पण तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.

डाय पोटात गेला तर मात्र एक मिनिटही घालवू नका. लहान मूल चुकून पितं, कधी घरच्या भांडणात कोणी रागाच्या भरात पितं. आधी मान, जीभ आणि घसा सुजतो, श्वास अडकतो. पुढे लघवी काळपट होते आणि किडन्या बंद पडू शकतात. यावर उतारा म्हणावं असं औषध नाही. वेळेवर श्वासाची वाट मोकळी केली आणि किडन्या सांभाळल्या तर माणूस वाचतो, म्हणून घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवत बसू नका. १०८ला फोन करा, सरकारी रुग्णालयात न्या. पुडी सोबत ठेवा. डॉक्टरांना त्यावरून रसायन कळतं, आणि पुढे अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची झाली तर बॅच नंबर त्याच पुडीवर असतो.