अल्टरनेटर नवा, ताप जुनाच

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात पिकअपची रांग लागते, तेव्हा पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या वायरमनकडेही गर्दी असते. तिथे एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. जुना डायनामो जळाला म्हणून नवा अल्टरनेटर टाकला, तर तोही असा तापतो की हात लावू देत नाही. गाडीवाला म्हणतो माल खोटा निघाला, दुकानदार म्हणतो बसवताना काहीतरी चुकलं. मग तिसरा येतो आणि तोही तापतो. माझं म्हणणं सरळ आहे. लागोपाठ दुसरा अल्टरनेटर तापला, तर आधी गाडी तपासावी. पहिला ज्या कारणाने गेला ते कारण बहुतेक वेळा बॉनेटखाली तसंच बसून असतं.

मुळात किती तापलं म्हणजे जास्त, हे हाताने ठरत नाही. साठ अंशांच्या आसपास आपला हात आपोआप मागे येतो, आणि अल्टरनेटरचं कवच ८० ते १०० अंशांपर्यंत जाणं हे त्याचं रोजचंच काम आहे. १४ व्होल्टवर ९० अँपिअर म्हणजे १२६० वॅट. हे यंत्र पट्ट्याकडून घेतलेल्या शक्तीपैकी साधारण ५५ ते ६० टक्क्यांचीच वीज करतं. उरलेले हजाराच्या घरातले वॅट उष्णता होऊन त्याच्याच अंगात राहतात. ती बाहेर काढणारा पंखा रोटरच्याच शाफ्टवर असतो. इंजिन जोरात फिरलं तर वारा भरपूर, आयडलवर बेताचाच. म्हणून मोकळ्या हायवेवरच्या धावेपेक्षा चाकणच्या कोंडीत हेडलाइट, ब्लोअर आणि एसी लावून तासभर रांगत जाणं अल्टरनेटरला जास्त जड जातं. पावसाळ्यात माळशेज घाटाच्या धुक्यात वायपर आणि फॉग लॅम्प चालू ठेवून थांबलेल्या गाडीचंही तेच. घाबरायचं ते लाखेसारखा जळका वास आल्यावर, मागच्या मोठ्या वायरचं प्लास्टिक तपकिरी पडल्यावर, किंवा गरम झाल्यावर व्होल्टेज घसरू लागलं तर.

सगळ्यात मोठा संशयित बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजावं. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. नीट चार्ज करूनही साडेदहाच्या आसपासच अडकत असेल तर एक सेल बसलाय. अशा बॅटरीला १४ व्होल्टपर्यंत न्यायला अल्टरनेटर जेवढा करंट देता येईल तेवढा देत राहतो, आणि ती काही भरत नाही. मोठ्या वायरला क्लॅम्प मीटर लावून बघा. दिवे-ब्लोअर बंद असताना, गाडी सुरू करून अर्धा तास झाल्यावरही ४०-५० अँपिअर वाहत असेल, तर अल्टरनेटर भट्टीसारखा तापणारच. बॅटरी पार उतरलेली असताना नवा अल्टरनेटर बसवून ‘गाडी फिरवा, होईल चार्ज’ म्हणणं म्हणूनच चुकीचं. ती आधी चार्जरवर रात्रभर भरावी.

दुसरा संशयित वायर आणि अर्थिंग, आणि इथे वायरमनचं खरं कौशल्य दिसतं. इंजिन दीड-दोन हजार आरपीएमवर धरायचं, हेडलाइट आणि ब्लोअर लावायचे. मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टला, काळं टोक बॅटरीच्या प्लसला. एकाच वायरची ही दोन टोकं, त्यामुळे आकडा शून्याजवळच हवा. ०.२ पर्यंत चालेल, ०.५ दिसलं तर थिंबल ढिलं आहे, गंजलेलं आहे, नाहीतर जास्त अँपिअरचा अल्टरनेटर टाकूनही वायर जुनीच बारीक ठेवली आहे. ६० अँपिअरला ०.६ व्होल्ट पडत असेल तर त्या एका जोडावर ३६ वॅट जळतात. वायरमनच्या हातातलं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढंच असतं.

मग हेच अल्टरनेटरचं कवच आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मोजायचं. करंट परत जातो तो कवचातून ब्रॅकेटला, ब्रॅकेटमधून इंजिनला. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं, म्हणून इंजिन ते बॉडी अशी एक जाड पट्टी लागते. शेतरस्त्यांच्या चिखलात हीच पट्टी सगळ्यात आधी सडते. रिकंडिशन केलेल्या अल्टरनेटरच्या कानांवर मारलेला ताजा रंगही अर्थिंग अडवतो. तो खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे.

अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची पद्धत आजही कुठे कुठे दिसते. कुणी तसं करायला निघालं, तर तिथेच थांबवा. बॅटरी सुटल्याबरोबर व्होल्टेजचा झटका कित्येक पटींनी वर जातो आणि रेग्युलेटर, डायोड, प्रसंगी गाडीचा ईसीयू घेऊन जातो. म्हणजे जो अल्टरनेटर चांगला होता तो तपासणीतच बाद होतो.

डायोड फुटल्याची खूण वेगळी. मीटर एसीवर करून बॅटरीच्या दोन टोकांत बघावं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर रेक्टिफायर गेला. रेडिओ लावला तर इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार करणारी शिट्टीही ऐकू येते. डायोड गळका असेल तर बॅटरी रात्रीतून उतरते, सकाळी पुन्हा तीच भर, पुन्हा तोच ताप.

ताप नेमका कुठे आहे हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळतं. पुढची, पुलीकडची बाजू जास्त गरम असेल तर पट्टा फार ताणला आहे किंवा बेअरिंग बसलंय. मागची गरम असेल तर डायोड आणि जोड. बीएस-६ गाड्यांमध्ये मात्र संगणक मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर सेन्सर असतो; जादा दिव्यांचं अर्थिंग थेट त्या टोकाला न देता बॉडीला द्यावं.

बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत, पिकअपमध्येही, अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो. त्याला इंजिनचं ऑइल जातं आणि होजमधून परत येतं. अल्टरनेटर बदलताना ही परतीची होज पिळली गेली किंवा सील नीट बसलं नाही, तर ऑइल कॉइल आणि कार्बनवर उतरतं. वास येतो, ताप वाढतो, चार्जिंगचा दिवा मिणमिणतो. पण जळालेली कॉइल रिवाइंड करता येते, त्याची एवढी चिंता नाही. ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम देतो तो हाच पंप. पट्टा घसरला, तुटला किंवा पंप बिघडला की ब्रेकचं पॅडल दगडासारखं होतं, आणि माळशेजच्या उतारावर क्रेट भरलेल्या गाडीत ते कळून काही उपयोग नसतो. म्हणून अल्टरनेटर बदलून घेतल्यावर पैसे देण्याआधी एवढं करावं. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबायचं, घट्ट झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर पंप काम करतोय. जागचं हललं नाही, तर गाडी तिथेच ठेवायची आणि व्हॅक्यूमची होज पुन्हा तपासायला सांगायचं.