हेडफोन घ्यायचाय? आधी कानाला विचारा!

स्कॉलरशिपच्या परीक्षेत आमचे भाचेबुवा चमकले. आजीने खूश होऊन दीड हजार रुपये हातावर ठेवले आणि भाचेबुवांनी त्याच क्षणी जाहीर केलं, "मी हेडफोन घेणार!"

"घे बाबा घे," ताई म्हणाली. "आत्ताच तीन हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीस. मग तर मला पोस्टाने पत्रच पाठवावं लागेल!"

शेवटी असं ठरलं, की खरेदीला मामाने, म्हणजे मी, सोबत जायचं. शेपटासारखी धाकटी भाचीही आली. पुण्यात विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली प्रसिद्ध आहे. तिथली गर्दी कापत आम्ही एका दुकानात शिरलो. काउंटरवर हेडफोनच्या खोक्यांचा नुसता डोंगर! भाचेबुवांनी थेट सगळ्यात चकचकीत खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एक्स्ट्रा बास', '४० मिलिमीटर ड्रायव्हर', '२० ते ४०,००० हर्ट्झ', 'गोल्ड प्लेटेड पिन'.

"मामा, चाळीस हजार! बाकीचे सगळे वीस हजारवाले आहेत."

"तू वटवाघूळ आहेस का?" मी विचारलं.

मित्रांनो, यात चेष्टा थोडी आणि शास्त्र जास्त होतं. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचेच आवाज ऐकू येतात, आणि वय वाढलं की वरची हद्द आणखी खाली येते. त्यापुढचं वटवाघळाला ऐकू येतं, पण ते बिचारं हेडफोन घ्यायला तपकीर गल्लीत येत नाही. शिवाय नुसत्या '२० ते २०,०००' या आकड्यावरून काहीच कळत नाही. मधले सगळे आवाज सारख्या जोराचे येतात, की डग्गा दणदणतो आणि बासरी गुदमरते, ते खोक्यावर लिहिलेलंच नसतं.

ड्रायव्हरचंही तसंच. ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला पिटुकला स्पीकर. एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि जवळ एक चुंबक. गाणं विजेच्या लहरींच्या रूपात वेटोळ्यात आलं की ते कधी पुढे ढकललं जातं, कधी मागे ओढलं जातं. त्याच्याबरोबर पडदा थरथरतो, हवा थरथरते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. (गंमत म्हणजे हाच प्रकार उलटाही चालतो. पडद्यासमोर बोललं की वेटोळ्यात वीज तयार होते, म्हणजे हेडफोनचा माइक होतो!) आता हा पडदा ४० मिलिमीटरचा असला म्हणजे १० मिलिमीटरवाल्यापेक्षा चौपट चांगला, असं मुळीच नाही. कानात घट्ट बसणारा छोटा इअरफोनसुद्धा डग्ग्याचा घुमारा झकास ऐकवतो, कारण त्याला फक्त कानाच्या नळीतली चिमूटभर हवा हलवायची असते. आणि सोन्याचा मुलामा? त्याने पिन गंजत नाही, इतकंच. गाण्याला सोनं लागत नाही!

दुकानातली जादू

"ऐकून तर बघा साहेब," दुकानदार म्हणाले. त्यांनी आधी एक स्वस्तातला हेडफोन लावून दिला, मग महागातला. दुसरा लावताच भाचेबुवांचे डोळे लकाकले. "मामा, हाच! केवढा फरक आहे!"

फरक होताच, पण माझं लक्ष दुकानदारांच्या अंगठ्याकडे होतं. दुसरा हेडफोन देताना त्यांनी फोनचा आवाज हळूच चार घरं वर नेला होता. यात त्यांचा काही दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही, सवयच असते ती. पण त्यामागचं कारण मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाने जाणून घ्यावं असं आहे.

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की आवाज कमी असताना आपल्या कानाला खर्जातले स्वर फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते भराभर उठून दिसतात. म्हणून तेच गाणं, तोच हेडफोन, पण जरा मोठ्याने लावलं की 'भारी' वाटतं. दोन हेडफोनची तुलना करायची असेल, तर आधी दोघांचा आवाज कानाला सारखा वाटेल असा करून घ्यायचा. एवढी एक युक्ती लक्षात ठेवली तर तुम्हाला कोणी सहज फसवू शकणार नाही.

मी फोन माझ्या हातात घेतला आणि दोन्हींचा आवाज सारखा केला. भाचेबुवांनी पुन्हा ऐकलं, मान खाजवली आणि म्हणाले, "आता तो महागवाला नुसता धमधम करतोय. शब्दच कळत नाहीयेत."

मामाच्या कानातली शिट्टी

इथे मला तुम्हाला एक गुपित सांगायचंय. माझ्या उजव्या कानात एक बारीक शिट्टी वाजते. कुकरची नव्हे, एकसुरी, न थांबणारी. दिवसा गडबडीत जाणवत नाही. रात्री दिवे मालवले की ती सुरू आहे हे कळतं.

नव्वदच्या दशकात मी कॉलेजला कल्याणहून व्हीटीला लोकलने जायचो. व्हीटी म्हणजे आताचं सीएसएमटी. मामांनी दुबईहून आणलेला वॉकमन ही माझी सगळ्यात मोठी इस्टेट. वॉकमन पहिल्यांदा १९७९ साली जपानमध्ये बाजारात आला आणि गाणं खिशात घालून फिरायची सोय झाली. माझ्या वॉकमनच्या हेडफोनला काळ्या स्पंजच्या चकत्या होत्या. त्यांतून बाहेरचा सगळा खडखडाट आरामात आत यायचा. मग मी काय करायचो? गाडीच्या आवाजावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवायचो. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, चार वर्षं! सगळाच दोष वॉकमनचा, असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण मोठ्या आवाजाचा इतिहास त्यांनी सगळ्यात आधी विचारला.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाने हे केस डुलतात आणि मेंदूला निरोप जातो. फार मोठा आवाज फार वेळ झाला की या पेशी मरतात. गुडघा खरचटला तर कातडी पुन्हा येते. या पेशी मात्र माणसाला पुन्हा येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी हिशेब घालून दिला आहे. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. मुलांसाठी ही हद्द ७५ डेसिबल आहे. खरी मेख पुढेच आहे. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येतो! म्हणजे मुलांना ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५ आणि ८७ ला अवघे अडीच तास. तेही दिवसाला नव्हे, आख्ख्या आठवड्याला.

भाचेबुवा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे हेडफोन घ्यायचाच नाही?"

"घ्यायचा की! पण ज्याच्यावर कमी आवाजात जास्त ऐकू येतं, असा घ्यायचा."

कान झाकणारा की कानात जाणारा?

आता आमची खरी निवड सुरू झाली. बाहेरचा गोंगाट जितका अडेल तितका गाण्याचा आवाज कमी ठेवता येतो, म्हणून बसने शाळेत जाणाऱ्याला कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा हेडफोन बरा. काही हेडफोनची पाठ जाळीची, उघडी असते. त्यांत गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं, पण आवाज आतबाहेर गळतो. ते शांत खोलीसाठी ठीक.

कानात घालायच्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी रबरी टोपणं येतात. बहुतेक मुलं ती पिशवी उघडतही नाहीत! आणि मग 'याला बासच नाही' अशी तक्रार करतात. टोपण सैल असलं की खर्जाचा आवाज फटीतून निसटून जातो. दुसरं टोपण लावून पाहा, तोच इअरफोन अचानक बोलू लागेल. माझ्या मते फुकटात आवाज सुधारण्याचा याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. (इअरफोन मित्राला वापरायला देऊ नका. कानातल्या मळाची देवाणघेवाण कशाला?)

भाचीला एक हेडफोन भयंकर आवडला होता, गोंगाट खोडून काढणारा. त्यात छोटे माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. अमर बोस हे अमेरिकेतले प्राध्यापक १९७८ साली झुरिचहून बोस्टनला विमानाने जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनवर घरघरीपुढे गाणं काही ऐकू येईना. तेव्हा त्यांनी विमानातच गणितं मांडायला सुरुवात केली. १९८९ साली वैमानिकांसाठी असा हेडफोन बाजारात आला. त्यांचे वडील मूळचे बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, हेही सांगून ठेवतो. ही युक्ती इंजिनाच्या, पंख्याच्या एकसारख्या घरघरीवर उत्तम चालते, आईच्या हाकेवर तितकीशी नाही! मात्र रस्त्यावरून चालताना, सायकलवर असताना कोणताच हेडफोन नको. हॉर्न ऐकू यायला हवा.

"वायरचा घेऊ की ब्लूटूथचा?" हा पुढचा प्रश्न. ब्लूटूथवर गाणं दाबून-चेपून पाठवावं लागतं, आणि ते कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त वेळ सहज लागतो. नुसतं गाणं ऐकताना हे कळतही नाही. पण आमची भाची की-बोर्ड शिकते. तिने तो ब्लूटूथ हेडफोनवर ऐकत वाजवायचं म्हटलं, तर बोट आत्ता पडणार आणि सूर मागून येणार! शिवाय दीड हजारात ब्लूटूथवाला घेतला, तर त्यातले बरेच पैसे बॅटरी आणि बिनतारी यंत्रणेत जातात. वायरवाल्यात तेच पैसे आवाजाला मिळतात. म्हणून आमचं मत वायरच्या बाजूने पडलं.

खोक्यावरचा एक आकडा मात्र बघितला, ओहमचा. १६ किंवा ३२ ओहमचा हेडफोन फोनवर आरामात चालतो. स्टुडिओतले काही ३०० ओहमचे असतात. ते साध्या फोनवर लावले तर अनेकदा आवाज अगदी मुळूमुळू येतो.

मग परीक्षा घेतली, ती ओळखीच्या गाण्यांची. जे गाणं शंभरदा ऐकलंय, त्यातलं काय हरवलं ते लगेच कळतं. पहिला, टाळ-मृदंगाचा अभंग. टाळ टाळासारखे किणकिणायला हवेत, 'छिस्स छिस्स' झाले की हेडफोन नापास. 'स' आणि 'श' कानाला टोचले, तरी नापास. मग तंबोऱ्यावरचं शास्त्रीय गाणं. तंबोऱ्याची जवारी गायकाच्या मागे तरंगत राहिली पाहिजे. शेवटी भाचेबुवांच्या आग्रहाने 'सैराट'. त्या २०१६ च्या चित्रपटाच्या गाण्यांसाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. एवढी व्हायोलिनं एकत्र वाजताना नुसता गोळा ऐकू येतो की पदर वेगळे होतात, ते पाहायचं.

चौथ्या हेडफोनवर भाचेबुवा एकदम ओरडले, "मामा, मागे कुणीतरी हळूच वाजवतंय! हे आधी नव्हतंच!" दुकानातले सगळे वळून बघायला लागले. फोनचा आवाज तेव्हा निम्म्यावर होता.

अकराशेला तो घेतला. रंग काळा, दिसायला अगदीच साधा. उरलेल्या पैशांतून ताईच्या फोनला लागणारी टाइप-सीची जोडणी घेतली, कारण हल्लीच्या बऱ्याच फोनना गोल पिनेचं भोकच नसतं.

घरी येऊन लावला, तर काय! आवाज पुन्हा दबलेला. भाचेबुवांचा चेहरा पडला. मी फोन उघडून बघितला. गाण्यांच्या ॲपमध्ये 'डेटा वाचवा' चालू होतं! सीडीवर एका सेकंदाच्या संगीतासाठी सुमारे १४ लाख बिट वापरलेले असतात. एमपी-थ्रीमध्ये ते सव्वा-दीड लाखांपर्यंतही खाली आणता येतात आणि ॲप आणखी काटकसर करू शकतं. फोडणीच नसलेलं वरण चांदीच्या वाटीत वाढलं म्हणून चव येते का? ते बटण बंद केलं आणि घरच्या वायफायवर गाण्यांचा दर्जा वरचा ठेवला. फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची कमाल मर्यादा ठरवायची सोय असते, तीही लावली. तिचा पासवर्ड ताईकडे.

एवढ्यात आजी आली. "बघू रे माझे पैसे कुठे गेले." तिला गीतरामायण लावून दिलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा ती फ्रॉकमधली मुलगी होती.

"आजी, यात डावीकडे-उजवीकडे सारखंच ऐकू येईल हं. तेव्हा स्टिरिओ नव्हतं," भाचेबुवांनी नवं ज्ञान पाजळलं.

आजीने डोळे मिटले होते. गाणं संपलं तरी तिने हेडफोन काढला नाही. भाचेबुवा समोर उभे राहून खुणा करत होते.

"पुढचं लाव!" आजी घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.