दोष पाण्याचा की कोंबडीचा?

जानेवारी 2025. पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला. ‘जीबीएस’ (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या आजाराच्या राज्यातील उद्रेकातला तो पहिला संशयित मृत्यू. उद्रेकाचे केंद्र मात्र पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात होते.

काही रुग्णांच्या शौच-नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. त्याच्या आवरणातील काही रेणू आपल्या चेतातंतूंवरील रेणूंसारखे असतात. त्यामुळे क्वचित कोणाची रोगप्रतिकारशक्ती जिवाणूबरोबर स्वतःच्याच नसांवरही तुटून पडते आणि हातपाय लुळे पडतात.

जिवाणू आला कुठून? पाण्यातून म्हटले तर जबाबदारी पालिकेची. कोंबडीतून म्हटले तर स्वयंपाकघराची आणि कुक्कुटपालकाची. म्हणूनच वाद राजकीय झाला. फेब्रुवारीत तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही दोन्ही शक्यतांचा उल्लेख करून, अन्न पूर्ण शिजवून खाण्याचा सल्ला दिला.

विज्ञानाला असा एकच आरोपी लागत नाही. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात राहतो, कच्च्या मांसातून पसरतो आणि मैला मिसळलेल्या पाण्यातूनही. मांस नीट शिजवणे घराच्या हाती आहे. क्लोरिनयुक्त, शुद्ध पाणी देणे मात्र शासनाचेच कर्तव्य. पहिल्या सल्ल्याआड दुसरे कर्तव्य झाकले जाऊ नये. पुढच्या साथीत सोलापूरकरांनी आधी पाण्याच्या तपासणीचे अहवाल मागावेत.