इंजिनातील दाबाची मर्यादा

जुन्या मोटारीच्या अंगी नवे बळ आणावे, ही हौस आपल्या देशात फार दिवसांची आहे. मद्रासजवळच्या शोलावरम येथील विमानांच्या धावपट्टीवर एकेकाळी मोटारींच्या शर्यती होत. तेथे धावणाऱ्या गाड्यांत मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार झालेल्या फियाटही असत. आजही अशा गाड्या जिव्हाळ्याने जपणारे आणि त्यांचा वेग वाढवू पाहणारे लोक आहेत. त्यांपैकी बहुतेकांचे लक्ष प्रथम जाते ते इंजिनाच्या संपीडन-प्रमाणाकडे, म्हणजे कारागीर ज्याला ‘कॉम्प्रेशन रेशो’ म्हणतात त्याकडे. हे प्रमाण किती वाढवावे, यापेक्षा कोठे थांबावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरात जेवढी जागा असते, तिला तो माथ्यावर पोचल्यावर उरलेल्या जागेने भागले, की हे प्रमाण मिळते. फियाट 1100 चे उदाहरण घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 75 मिलिमीटर. म्हणजे एका धावेत सुमारे 272 घनसेंटिमीटर जागा व्यापली जाते. माथ्यावर 39 घनसेंटिमीटर जागा उरली तर प्रमाण आठ होते, 34 उरली तर नऊ आणि 30 उरली तर दहा. सिलिंडरचे हेड घासून किंवा पातळ गॅस्केट बसवून ही जागा कमी करता येते. काम दिसायला सोपे आहे, आणि म्हणूनच त्याचा मोह अनावर होतो.

मिश्रण अधिक दाबून पेटविले, तर त्याच पेट्रोलातून अधिक काम मिळते, हे खरे. परंतु हा लाभ सारखा वाढत नाही. आदर्श इंजिनाचे गणित मांडले, तर प्रमाण आठावरून नऊवर नेल्याने कार्यक्षमता सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते; अकरावरून बारावर नेल्याने मात्र जेमतेम दोन टक्क्यांनी. प्रत्येक नवी पायरी आधीच्या पायरीपेक्षा कमी देते. धोका मात्र उलट्या दिशेने, प्रत्येक पायरीगणिक वाढत जातो.

हा धोका कोणता? ठिणगी पडल्यावर ज्वाला सिलिंडरात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते. पलीकडच्या कोपऱ्यात जे मिश्रण अद्याप पेटलेले नसते, ते वाढत्या दाबाने व उष्णतेने तापत राहते. ज्वाला तेथे पोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर एकदम स्फोट होतो. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. त्या धक्क्याने धातूच्या पृष्ठभागालगतचा वायूचा पातळ, संरक्षक थर उधळला जातो आणि ज्वालेची उष्णता थेट दट्ट्यात शिरते. मग दट्ट्याच्या कड्यांमधील भाग तुटतात, कधी दट्ट्याला भोकही पडते. भरधाव वेगात इंजिनाच्या गर्जनेत हा आवाज बुडून जातो; त्यामुळे सूचना मिळते ती बहुधा नुकसान झाल्यावर.

ही मर्यादा शोधण्याचे मोठे श्रेय हॅरी रिकार्डो या ब्रिटिश अभियंत्याकडे जाते. पहिल्या महायुद्धानंतर त्याने चालू असतानाच संपीडन-प्रमाण बदलता येईल असे एक इंजिन बांधले आणि निरनिराळ्या इंधनांची परीक्षा घेतली. ही मर्यादा इंजिनाइतकीच इंधनावरही अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे इंधनाचा हा गुण मोजण्यासाठी ऑक्टेन अंक रूढ झाला. 1921 साली अमेरिकेत टॉमस मिजली याने पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळून हा गुण वाढविण्याची युक्ती शोधली. परंतु ते विष हवेत पसरू लागले, आणि भारताने 2000 साली असे पेट्रोल विकणे थांबविले. आता 100 ऑक्टेनचे पेट्रोलही देशात मिळते, पण ते निवडक ठिकाणीच. मुंबईतील अशा पेट्रोलाच्या भरवशावर बांधलेले इंजिन आडवाटेच्या पंपावरील साध्या पेट्रोलावर चालवावे लागले, तर काय होईल हे सांगणे नको.

हवेचेही असेच आहे. उटकमंड समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सपाटीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश असतो. तेथे निर्वेधपणे चालणारे इंजिन घाट उतरून मैदानात आले, की प्रत्येक श्वासात अधिक हवा घेते आणि कुरकुरू लागते. नागपूरच्या वैशाखातील हवा, भरलेली गाडी आणि लांब चढ यांचा योग आला, तर इंजिनाची खरी कसोटी लागते. सुपरचार्जर किंवा टर्बो बसविला असेल, तर हवा आत शिरतानाच दाबलेली असते. अशा इंजिनाचे मूळ प्रमाण बरेच खाली ठेवावे लागते.

आधुनिक इंजिने बारा आणि त्याहूनही अधिक प्रमाणावर चालतात, असा दाखला पुष्कळदा दिला जातो. 2011 साली जपानच्या माझदा कंपनीने काही देशांसाठी चौदा प्रमाणाचे पेट्रोल-इंजिन बाजारात आणले, हेही खरे. परंतु त्या इंजिनांत ज्वलनकक्षाचा आकार त्यासाठीच घडविलेला असतो, आणि खडखड सुरू होताच ती ओळखून ठिणगी मागे सरकविणारी विद्युत्-यंत्रणा असते. जुन्या कारबुरेटरच्या गाडीला असा पहारेकरी नसतो.

यास्तव पथ्य असे. प्रथम हेड, गॅस्केट आणि दट्ट्याचा माथा यांतील जागा काचेच्या मोजनळीने द्रव भरून प्रत्यक्ष मोजावी. अंदाजावर विसंबू नये. फियाटच्या उदाहरणात दहा प्रमाण धरले असता केवळ दोन घनसेंटिमीटरांची चूक झाली, तरी प्रमाण साडेदहाच्या वर जाते. नंतर सहज मिळणारे इंधन, सर्वांत उष्ण दिवस आणि सर्वांत जड ओझे गृहीत धरून मर्यादा ठरवावी, व तिच्याही थोडे अलीकडे थांबावे. जुन्या घडणीच्या साध्या इंजिनाला नऊच्या आसपासचे प्रमाण पुष्कळ झाले. शेवटच्या अर्ध्या अंकातून मिळणारे बळ चालकाला जाणवतही नाही. त्याची किंमत मात्र एखाद्या घाटात, तापलेल्या दुपारी, अख्खे इंजिन देऊन चुकवावी लागते.