घरची काळी बिअर : शुद्ध म्हणून निरुपद्रवी?

चाकणच्या कारखान्यांतून जर्मनीला किंवा इंग्लंडला प्रशिक्षणासाठी गेलेली मंडळी परतताना चॉकलेटे आणि अत्तरे आणतात. काही जणांच्या सामानात आता आणखी एक वस्तू असते. पावणेदोन किलोच्या आसपास वजनाचा एक डबा, आत काकवीसारखा दाट काळा पाक आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. पाण्यात पाक कालवायचा, किलोभर साखर घालायची, पुडी सोडायची आणि बादली झाकून ठेवायची. दोनतीन आठवड्यांनी तेवीस लिटर ‘स्टाउट’, म्हणजे काळी कडवट बिअर तयार. मग दवाखान्यात प्रश्न येतो, ‘डॉक्टर, बाजारच्या दारूत काय घालतात कोण जाणे. ही तर आपल्या हाताने केलेली. हिने काय होणार?’ आणि त्यालाच जोडून दुसरा, ‘काळ्या बिअरमध्ये लोह असतं म्हणे?’

कायद्याचे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे मोकळेपणी बोलता येईल. इंग्लंडमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. अमेरिकेने १९७८ साली तशी मुभा दिली. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू गाळणे किंवा आंबवणे हा गुन्हा आहेच, पण त्यासाठी लागणारे साहित्य आणि भांडी जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. ‘विकत नाही, घरीच पितो’ हा बचाव तिथे चालत नाही. ताजी बिअर चाखायचीच असेल तर पुण्यात २००९ पासून परवानाधारक छोट्या ब्रुअरी आहेत.

आता आरोग्याचे. ही बिअर होते कशी, हे समजल्याशिवाय धोका कुठे आहे ते कळणार नाही. नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवून मोड आणतो, वाळवतो, दळतो. मोड आले की दाण्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणून सत्त्व गोडसर लागते आणि लहान मुलांना पचते. जवाला असेच मोड आणून वाळवले की माल्ट होतो. स्टाउटसाठी काही दाणे कॉफीच्या बियांसारखे काळे होईतो भाजतात. काळा रंग आणि कडवटपणा बराचसा त्या भाजण्याचा असतो, लोहाचा नव्हे. डब्यातला पाक म्हणजे या माल्टचा आटवलेला अर्क. यीस्ट त्यातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करते.

पिंपरीला हे आंबवण्याचे शास्त्र नवे नाही. इथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन होऊ लागले तेही किण्वनानेच, फक्त तिथे यीस्टऐवजी बुरशी होती. अशा कारखान्यात एक परका जंतू शिरला तर सबंध टाकी फेकावी लागते. घरच्या बादलीत ती शिस्त कुठून येणार? तरीही घाबरवण्यासाठी खोटे सांगणार नाही. जंतू शिरलेली बिअर बहुधा आंबट होते, वास मारते, पण अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्सचा कडवटपणा यांमुळे रोगजंतू तिच्यात सहसा तग धरत नाहीत. मला जास्त काळजी वाटते ती भांड्यांची. कुदळवाडीतली भंगाराची दुकाने महापालिकेने २०२५ साली पाडली, पण कारखान्यातून निघालेली निळी प्लॅस्टिकची पिंपे आपल्या भागात अजूनही सहज मिळतात. ज्या पिंपात काल रसायन होते ते धुऊन त्यात खाण्यापिण्याचे काही ठेवू नये. आंबट आणि अल्कोहोलयुक्त द्रव प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन बाहेर ओढतो. पिण्याच्या पाण्यासाठीही असे पिंप नकोच.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. बहुतेक स्टाउटच्या यीस्टला १८ ते २२ अंश तापमान मानवते. एप्रिलमध्ये आपल्या फ्लॅटमध्ये बादली पस्तिशीच्या पुढे जाते. एवढ्या उष्णतेत यीस्ट उग्र वासाची जड अल्कोहोले जास्त तयार करते. शिवाय बाहेरून आंबणे थांबल्यासारखे दिसले तरी आत साखर शिल्लक असू शकते. अशी बिअर बाटल्यांत भरून बूच ठोकले की वायू साठत जातो आणि बाटली बॉम्बसारखी फुटते. काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर डोळा वाचेलच असे नाही.

भीती सर्वांत जास्त असते ती मिथेनॉलची, आणि इथे गल्लत होते. जव आंबवून केलेल्या बिअरमध्ये मिथेनॉल अगदी नगण्य असते, तिने कोणी आंधळे होत नाही. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून अधिक माणसे गेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. गुजरातमध्ये बोटादच्या परिसरात २०२२ साली चाळीसहून अधिक बळी गेले, तिथेही कारखान्यासाठीचे मिथेनॉल बाहेर नेऊन लोकांना पाजले होते. आपल्या पट्ट्यात रंगकाम, साफसफाई, थिनर यांसाठी असली रसायने जागोजाग असतात. घरची बिअर ‘चढत नाही’ म्हणून कोणी कारखान्यातले ‘स्पिरिट’ तिच्यात ओतले तर मरण दूर नाही. वासावरून किंवा चवीवरून इथेनॉल कोणते आणि मिथेनॉल कोणते, हे ओळखता येत नाही. पेटवून पाहण्याची जुनी युक्तीही फसवी आहे.

मिथेनॉल पोटात गेल्यावर सुरुवातीला साधी नशा वाटते. बारा ते चोवीस तासांनी उलट्या, पोटात कळ, धाप आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसणे सुरू होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याची नस जाळते. अशा वेळी घरी लिंबूपाणी देत बसू नये. १०८ ला फोन करून जिथे डायलिसिसची सोय आहे अशा मोठ्या रुग्णालयात रुग्णाला न्यावे आणि काय प्यायला हे स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या भीतीने गेलेले तास परत मिळत नाहीत.

हे सगळे टाळले, बिअर अगदी उत्तम जमली, तरी तिच्यातले इथेनॉल राहतेच. माझ्या मते घरच्या बिअरचा खरा धोका तिच्या मोजमापात आहे. तेवीस लिटर म्हणजे ६५० मिलिलिटरच्या पस्तीस बाटल्या, आणि त्या घरातच. दुकान बंद होत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत, बाटलीवर टक्केवारी छापलेली नाही. नेहमीच्या कृतीने साडेचार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येते, म्हणजे एका बाटलीत सुमारे २३ ग्रॅम. ‘जरा कडक होऊ दे’ म्हणून आणखी किलोभर साखर घातली की तेच सात टक्क्यांवर जाते आणि बाटलीत ३७ ग्रॅम होते. पिणारा मात्र ‘एकच बाटली’ म्हणत राहतो.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. गार पाण्याने अंघोळ, काळी कॉफी, लिंबू यांनी हा वेग वाढत नाही. रात्री अकरापर्यंत अशा कडक दोन बाटल्या संपवल्या तर ७४ ग्रॅम अल्कोहोल पोटात गेले. सकाळी सातच्या पाळीला प्रेसवर उभे राहताना त्यातले काही रक्तात शिल्लक असू शकते. तळेगाव-चाकण रस्त्यावर दुचाकी चालवताना मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पण हात चेपायला तेवढेही लागत नाही. रात्रपाळीवाल्यांनी सकाळी झोप येण्यासाठी पिणे तर आणखी वाईट, कारण झोप लवकर लागते पण तुटक लागते.

आता लोहाचे. ‘गिनेस तुमच्यासाठी चांगली’ अशी जाहिरात १९२९ पासून इंग्लंडमध्ये झाली, आणि तिथे बाळंतिणींनाही स्टाउट देत असत. प्रत्यक्षात अर्ध्या लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह हवे. बाळंतिणीने तर बिअर घेऊच नये. अल्कोहोल दुधात उतरते आणि दूधही कमी करते. आपली अळिवाची खीर शंभर पटींनी बरी.

युरिक आम्ल वाढून अंगठा सुजणारे, मधुमेही, कावीळ होऊन गेलेले, क्षयरोगाची किंवा झोपेची औषधे घेणारे, यांनी बिअर घरची की दारची हा विचारच करू नये. गव्हाचे ग्लुटेन ज्यांना चालत नाही त्यांना जवाचेही चालत नाही. बाकीच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत १९८८ पासूनच आहे.

हे वाचून कोणाला माळ्यावर भरून ठेवलेल्या बाटल्या आठवल्या असतील, तर त्या हलवू नका, उन्हात तर नेऊच नका. डोळ्यांवर कारखान्यातला सुरक्षा चष्मा, हातांत जाड मोजे आणि बाटलीभोवती जाड टॉवेल असल्याशिवाय हात लावू नका. एकेक बाटली हळू फ्रीजमध्ये ठेवून दिवसभर गार होऊ द्या. गारव्याने आतला दाब बराच उतरतो. मग तोंड दुसरीकडे करून बूच सावकाश सैल करा आणि मोरीत ओता. मुलांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा.