पडद्यावर कोण, कॅमेऱ्यामागे कोण?

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर जपान सावरू लागला, तेव्हा तेथील सिनेमाने एक प्रश्न लावून धरला. नव्या समृद्धीत वर कोण गेले आणि खाली कोण राहिले? अकिरा कुरोसावा यांनी १९६३ च्या 'हाय अँड लो'मध्ये तो थेट भूगोलातून मांडला. योकोहामाच्या टेकडीवर बूट कंपनीतील बड्या अधिकाऱ्याचा बंगला, तर पायथ्याशी उन्हाळ्यात होरपळणारी गरीब वस्ती. खालून तो बंगला न्याहाळणारा तरुण त्या अधिकाऱ्याचा मुलगा पळवू पाहतो. चुकून ड्रायव्हरचा मुलगा हाती लागतो. गरिबाच्या मुलासाठी श्रीमंताने सर्वस्व पणाला लावावे काय, हाच मग खरा पेच ठरतो.

यासुजिरो ओझू यांनी मध्यमवर्गीय घराचा उंबरठा सहसा ओलांडला नाही. त्यांचेच साहाय्यक राहिलेले शोहेई इमामुरा मात्र 'पिग्ज अँड बॅटलशिप्स'मध्ये (१९६१) अमेरिकी नौदलतळाच्या आश्रयाने जगणाऱ्या, डुकरे पाळणाऱ्या टोळीकडे वळले.

मराठीत वर्गाचा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही. जब्बार पटेल यांच्या 'सामना'ने (१९७५) सहकारातील सत्ताधीश उघडा पाडला. पण त्याला प्रश्न विचारणारा होता एक मास्तर, म्हणजे सुशिक्षितच. तळातल्या माणसाची नजर पडद्याआधी पुस्तकात आली. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या समाजाचे जगणे 'उचल्या'त मांडले. त्या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पडद्यावर ही नजर ठळकपणे आणली ती मराठवाड्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील नागराज मंजुळे यांनी. 'फँड्री'त (२०१३) डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. कुटुंब जागीच ताठ उभे राहते. ज्या व्यवस्थेने त्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तिचा मान तेच राखतात. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. 'सैराट'मधील (२०१६) जोडपे पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत पोहोचते. नांदेड-लातूरच्या मजुराला ती वाट अनोळखी नाही. निजामाच्या काळापासून हे शहर त्याच्या ओळखीचे आहे.

ग्रामीण बोली पडद्यावर दीर्घकाळ विनोदापुरतीच वापरली गेली. शहरी प्रेक्षक तिला हसला, कारण बोलणाऱ्याच्या जागी उभे राहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. 'सैराट'मध्ये त्याच बोलीत प्रेम आणि धमकी दोन्ही उमटले, तेव्हा तोच प्रेक्षक गंभीर झाला. प्रतिनिधित्वाचा अर्थ गरीब माणूस दिसणे एवढाच नाही. तो कोणाच्या डोळ्यांनी दिसतो, हे अधिक महत्त्वाचे. टेकडीवरून वस्ती दिसते; पण टेकडी किती उंच आहे, हे वस्तीतूनच कळते.