दिवाळे की तडजोड?

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात माझ्या मावसभावाचे दुकान बुडाले. मराठीत दिवाळे, कन्नडात दिवाळि, धसका सारखाच! मला काळजी होती ती कर्जाला जामीन राहिलेल्या मेहुण्यांची.

आपल्या बेळगाव-कोल्हापुरात सामान्य कर्जदारासाठी आजही १९२० चाच दिवाळखोरी कायदा आहे. २०१६ च्या कायद्यातील व्यक्तींविषयीचा भाग २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या जामीनदारांपुरता लागू झाला. जुन्या कायद्यात मालमत्ता न्यायालयाकडे जाते, पुढे मुक्तता मिळाली तर कर्जदार सुटतो. जामीनदार मात्र अडकलेलाच राहतो.

लोकअदालतीत दोन्ही पक्ष राजी हवेत. पण शुल्क नाही, आणि निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का. म्हणून मी म्हटले, "दादा, आधी तडजोड बघ. तीत मेहुण्यांचीही सुटका लिहून घे."

वाचकहो, अर्ज करण्यापूर्वी घरात एवढे विचाराच: जामीन कोण आहे?